बारीक आहे म्हणून सुटला असं नाही

या महिन्यात जी पत्रं आणि मेसेज आले त्यातले जवळजवळ सगळे शुगर, बीपी आणि वजनाचे. लिहिणाऱ्या बहुतेक बायका आहेत, आणि प्रश्न मात्र नवऱ्याचा, सासूबाईंचा, आईचा. स्वतःबद्दल फारसं कुणी लिहीतच नाही. मी तीसेक वर्षं तालुक्याच्या गावात प्रॅक्टिस करतेय, तिथेही हेच बघते, पेशंटला घेऊन आलेली बाई स्वतःचा हात बीपीच्या मशीनला लावायला तयार नसते, "माझं काय, मला काही होत नाही" म्हणते. त्यामुळे उत्तर देता देता मी मध्येच उलटा प्रश्न विचारणार आहे, राग मानू नका.

प्रश्न : मॅडम, मी ३१ वर्षांचा, हिंजवडीत आयटीत आहे. उंची ५ फूट ७ इंच, वजन ६४ किलो, म्हणजे बारीकच. कंपनीच्या चेकअपमध्ये एचबीएवनसी ५.९ आली आणि खाली प्रीडायबेटिक लिहिलंय. वडिलांना शुगर आहे पण ते जाड आहेत. माझा रिपोर्ट चुकलाय का? लॅब बदलून बघू का?

लॅब बदलून बघायला हरकत नाही, पण रिपोर्ट चुकला असेल या आशेवर बसू नकोस. (अरे-तुरे करतेय, माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे.) एचबीएवनसी म्हणजे मागच्या साधारण तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी. ५.७ च्या खाली असली तर ठीक, ६.५ आणि वर गेली की डायबेटिस, आणि मधला जो पट्टा आहे त्यात तू उभा आहेस. या पट्ट्यातून मागे फिरता येतं आणि पुढेही जाता येतं, म्हणून हा रिपोर्ट ३१ व्या वर्षी हातात आला हे चांगलंच झालं असं मी म्हणेन.

आता बारीक असण्याचं. यावर जगात ज्यांचं काम नावाजलं गेलं ते डॉ. चित्तरंजन याज्ञिक आपल्या पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे. २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. दिसायला दोघं सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणजे वजनकाटा दोघांना एकच आकडा सांगतोय आणि आत मात्र दुपटीहून जास्त फरक. आपल्याकडे हातपाय काडीसारखे, स्नायू कमी आणि चरबी पोटात, आतड्यांभोवती, लिव्हरमध्ये, असं खूप लोकांचं असतं आणि ही पोटातली चरबी इन्सुलिनला नीट काम करू देत नाही. याज्ञिकांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांमधल्या आया आणि त्यांची बाळं यांचा पाठपुरावा केला, त्यात असं दिसलं की आपली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी भरतात, पण त्यांच्यात कमी असतो तो स्नायू, चरबी त्यामानाने टिकून असते. म्हणजे हे आईच्या पोटातूनच घेऊन आपण येतो. तुझी काही चूक नाही, पण काळजी मात्र तुलाच घ्यावी लागणार.

म्हणून वजनकाटा बाजूला ठेव आणि शिंप्याची टेप घे. बेंबीच्या पातळीला, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोज. भारतीय पुरुषाला ९० सेंटिमीटर आणि बाईला ८० सेंटिमीटर ही हद्द. बीएमआयची हद्दसुद्धा आपल्याला २३ धरतात, पाश्चात्त्य लोकांची २५ आपल्याला लागू नाही. माझा अंदाज आहे की तुझी कंबर ८८-९२ च्या आसपास निघेल, नाही निघाली तर छान.

करायचं काय, तर सगळ्यात आधी स्नायू वाढवायचे, कारण जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलून नेणारं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू, आणि स्नायू चालता असला की तो इन्सुलिनची वाट न बघतासुद्धा साखर आत ओढून घेतो. म्हणून जेवण झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालणं एवढं मोलाचं आहे, आपली आजी शतपावली म्हणायची तेच. तुमची अमेरिकेची कॉल रात्री साडेनऊला असेल तर इयरफोन लावून गॅलरीत फेऱ्या मारत कॉल घे. आठवड्यातून दोन-तीन दिवस जोर-बैठका, जिना, जिम जे जमेल ते ज्यात ताकद लागते. आणि रात्री साडेअकराला बिर्याणी मागवून खाऊन लगेच झोपायचं हे बंदच कर, हे मी विनंती म्हणून नाही सांगत.

वजन तुला उतरवायचं नाहीये, तुझं उतरायला फारसं आहेही नाही, हे लक्षात ठेव नाहीतर तू उपाशी राहशील आणि जो थोडाफार स्नायू आहे तोही जाईल. चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांनी ५३१ प्रीडायबेटिक लोकांवर तीन वर्षं अभ्यास केला, तो २००६ मध्ये छापून आला. ज्यांना नुसता नेहमीचा सल्ला दिला त्यातल्या ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत डायबेटिस झाला, आणि ज्यांच्या मागे लागून चालणं आणि जेवण बदलून घेतलं त्यांच्यात ३९ टक्क्यांना, आणि विशेष म्हणजे या लोकांचं वजन फारसं उतरलंच नव्हतं तरी फायदा झाला. अमेरिकेतल्या अशाच मोठ्या अभ्यासात, २००२ चा, धोका ५८ टक्क्यांनी कमी झाला होता, तिथे लोक जाड होते आणि त्यांनी वजन उतरवलं. आपला आकडा छोटा आहे (५५ वरून ३९ म्हणजे धोका साधारण २९ टक्क्यांनी कमी), पण आपला आहे. तीन महिन्यांनी परत तपास. आणि तुझ्या आईची कंबर आणि शुगर मोजली आहेस का रे, वडिलांचीच मोजतोस फक्त?

प्रश्न : माझे मिस्टर एसटीत ड्रायव्हर आहेत, वय ४६. डेपोच्या तपासणीत बीपी १५०/९६ निघालं, नंतर गावातल्या डॉक्टरांकडे दोनदा तसंच. गोळी दिलीय पण म्हणतात एकदा सुरू झाली की जन्मभर, म्हणून घेत नाहीत. मुक्कामी गाडी असते, जेवणाची वेळ नाही, तंबाखूची पुडी खिशात. मी डब्यात काय देऊ? आणि त्यांना कसं समजावू?

ताई, आधी गोळीचं बोलू, कारण माझ्या घरातलं उदाहरण आहे. माझ्या वडिलांनी बीपीची गोळी सहा महिने घेतली, बरं वाटायला लागलं म्हणून परस्पर बंद केली, कुणाला सांगितलं नाही. ५८ व्या वर्षी एका सकाळी दाढी करताना वस्तरा हातातून पडला आणि तो उजवा हात परत कधी उचलला गेला नाही. नंतर अकरा वर्षं ते जगले, आईने त्यांना भरवलं. बीपीला दुखणं नसतं, डोकं दुखलं तरच बीपी वाढलं हा समज खोटा आहे, बहुतेकांना काहीही जाणवत नाही आणि आतल्या आत मेंदूच्या, हृदयाच्या, किडनीच्या रक्तवाहिन्या कडक होत जातात. वेगवेगळ्या दिवशी मोजून तीनदा १४०/९० च्या वर आलंय म्हणजे आता गोळी घ्यायचीच. हा, वजन उतरलं, मीठ कमी झालं, तंबाखू सुटली तर पुढे डॉक्टर डोस कमी करू शकतात, काहींची सुटतेही. पण कमी डॉक्टर करणार, आपण नाही.

त्यांना एक गोष्ट सांगा, ती ड्रायव्हर माणसाला पटेल असं मला वाटतं. लंडनमध्ये डबल डेकर बसवर डॉ. जेरी मॉरिस यांनी अभ्यास केला होता, १९५३ साली तो प्रसिद्ध झाला. एकाच बसवर ड्रायव्हर आणि कंडक्टर, एकच हवा, एकच रस्ता, एकाच दर्जाचे लोक. तर ड्रायव्हरांना हार्ट अटॅक जास्त आणि कंडक्टरांना कमी. कारण ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर वरखाली करत रोज पाचशे-सातशे पायऱ्या चढायचा. व्यायामाचा आणि हृदयाचा संबंध दाखवणारा हा अगदी सुरुवातीचा अभ्यास, आणि तो बसवरच झाला. आता आपल्या एसटीत जिना नाही, पण स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली की खाली उतरून गाडीभोवती, फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालता येतं. कंट्रोलरकडे नोंद करायला जायचंच असतं, तर लांबचा रस्ता धरा म्हणावं. सहा स्टॉपवर पाच-पाच मिनिटं म्हणजे अर्धा तास झाला, वेगळा वेळ काढायलाच नको.

मीठ. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून एक छोटा चमचा, आणि आपण बहुतेक जण त्याच्या दुपटीच्या आसपास खातो. भाजीतलं मीठ एकदम निम्मं केलंत तर ते डबा परत आणतील, म्हणून भाजी तशीच राहू द्या आणि आधी वरचं काढा. डब्यातलं लोणचं, पापड, खारवलेली मिरची, सुकट असेल तर ती, आणि स्टँडवरचे खारे शेंगदाणे, फरसाण, वडापावबरोबरची मीठ लावलेली मिरची. भाकरीच्या पिठातलं मीठ बंद करा, कुणाला कळणार पण नाही. दोन आठवड्यांनी भाजीतलं थोडं कमी करा. जीभ महिनाभरात शिकते. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, पण त्यात पोटॅशियम असतं, किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही ठराविक गोळ्या चालू असतील तर ते चालत नाही, आधी डॉक्टरांना विचारा. चटणी द्यायची तर जवसाची किंवा कारळ्याची, मीठ बेताचं आणि लसूण भरपूर घालून. दोन भाकरी, मुगाची किंवा मटकीची उसळ सुकी करून, एक कांदा, एक काकडी, हे उन्हाळ्यातही दुपारपर्यंत टिकतं.

चहा मोजायला सांगा. प्रत्येक स्टँडवर एक कप धरला तर दिवसाला सात-आठ होतात आणि हॉटेलच्या चहात दोन-दोन चमचे साखर, म्हणजे नुसत्या चहातून ६०-७० ग्रॅम. दिवसभराची वरून घातलेली साखर ५० च्या आत आणि जमलं तर २५ च्या आत हवी. तीन कप ठेवा, बाकी ठिकाणी नुसतं खाली उतरून पाणी प्या.

समजावण्याबद्दल. डोस पाजल्यासारखं बोलून काही होत नाही हे मी माझ्या दवाखान्यात बघून बघून शिकले. त्यांच्याबरोबर तुम्ही पण सकाळी एकदाच बीपी मोजा, दोघांचं वहीत लिहा. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, हात हृदयाच्या उंचीला, आधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही. आणि ताई, तुमचं बीपी शेवटचं कधी मोजलं होतं? तीस वर्षांच्या पुढच्या सगळ्यांचं बीपी आणि शुगर गावच्या उपकेंद्रात, ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, तिथे फुकट तपासतात, आशाताई फॉर्म भरायला घरी येतात तेव्हा तुमचंही नाव घाला.

प्रश्न : सासूबाई ६८ वर्षांच्या, शुगर आहे, गोळ्या चालू. पण एकादशी, संकष्टी, सोमवार, श्रावण सगळं कडक. उपवासाच्या दुसऱ्या दिवशी शुगर २६०-२८०. "मी काही खाल्लंच नाही" म्हणतात आणि खरंच नुसती साबुदाण्याची खिचडी खातात. उपवास सोडा म्हटलं की रडतात.

सोडा म्हणूच नका. त्यांनी साठ वर्षं जे मनापासून धरलंय ते एका रिपोर्टसाठी हिसकावून घ्यायचा अधिकार मला नाही, तुम्हालाही नाही. आणि उपवासात तसं वाईट काही नव्हतंच, वाईट झालं ते उपवासाच्या ताटात. साबुदाणा म्हणजे शुद्ध पिठूळ पदार्थ, १०० ग्रॅममध्ये ८५ ग्रॅमच्या वर कर्बोदकं आणि प्रथिनं जवळजवळ शून्य. त्यात बटाटा घातला, वर साखर घातली, संध्याकाळी बटाट्याचा कीस, रताळ्याच्या गोड फोडी, राजगिऱ्याची गुळाची वडी, म्हणजे रोजच्यापेक्षा जास्त साखर त्या दिवशी पोटात जाते आणि भाजी, डाळ, कोशिंबीर काहीच नाही. २८० येणारच.

उपवासाला चालणारंच खाऊ द्या, फक्त ताट बदला. राजगिऱ्याच्या पिठाचं थालीपीठ, त्यात काकडी किसून आणि दाण्याचं कूट घालून, बरोबर दही. भगरीला साबुदाण्यापेक्षा मी जास्त मार्क देते, पण एक वाटीच, आणि बरोबर दाण्याची आमटी पातळ न करता चांगली दाट. भोपळ्याचं भरीत दह्यातलं. ताक. मूठभर शेंगदाणे भाजून. खिचडी हवीच असेल तर मला माहितेय हवीच असते, चार चमचे प्रसादासारखी, बाकी पोट ताक-थालीपिठाने भरलेलं.

आता जे जास्त महत्त्वाचं आहे ते नीट वाचा. निर्जळी किंवा एकवेळचा उपवास आणि शुगरची गोळी हे दोन्ही एकत्र आलं तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. सगळ्या गोळ्यांनी नाही. मेटफॉर्मिन एकटी असेल तर ही भीती फार कमी, पण ग्लिमेपिराईड, ग्लिक्लाझाईड अशा गोळ्या किंवा इन्सुलिन असेल तर उपवासाच्या दिवशीचा डोस डॉक्टरांना विचारून आधीच ठरवून घ्यायचा, एकादशीला सकाळी फोन करून नाही. घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलणं असंबद्ध वाटलं, एकदम चिडचिड झाली तर शुगर मोजा, ७० च्या खाली असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी परत मोजा. मशीन जवळ नसेल तर न मोजताच द्या. बेशुद्ध असतील तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखान्यात. उपवास मोडेल म्हणून त्या नको म्हणतील, तर त्यांना आधीच, बऱ्या असताना, शांतपणे विचारून ठेवा की आई, असं झालं तर मी साखर देऊ ना. एकदा त्यांच्या तोंडून हो आलं की त्या वेळी वाद होत नाही. आमच्या एका पेशंट आजींनी तर स्वतःच सांगून ठेवलंय की साखरपाणी तुळशीपुढे ठेवून मग द्या, म्हणजे तो प्रसाद झाला. मला त्यांचं फार कौतुक वाटतं.

प्रश्न : आम्ही घरात गहू पूर्ण बंद करून ज्वारी-नाचणी सुरू केलीय. आता शुगरची भीती नाही ना?

भाकरी चांगलीच आहे, माझ्या घरी पण रोज असते. पण ज्वारीचं पीठ आणि गव्हाचं पीठ यात कर्बोदकं जवळपास सारखीच असतात, किलोच्या मापाने बघितलं तर काही फार फरक नाही. तीन पोळ्यांच्या जागी तीन जाडजूड भाकरी खाल्ल्या तर शुगरला काय कळणार की हे भरडधान्य आहे. भाकरीचा फायदा असा की ती सावकाश चावून खावी लागते आणि एक-दीड भाकरीत पोट भरतं, तो फायदा घ्या. नाचणीचं सत्त्व गाळून गूळ घालून प्यायलात तर तो फायदा पण गेला. ताटात आधी कोशिंबीर आणि उसळ, भाकरी त्यांच्या मागून.

प्रश्न : दुसऱ्या बाळंतपणात सातव्या महिन्यात शुगर निघाली होती, इन्सुलिन घ्यावं लागलं. बाळ झाल्यावर नॉर्मल आली, हॉस्पिटलमध्ये म्हणाले आता काही काळजी नाही. मुलगी आता ३ वर्षांची. वजन गरोदरपणाआधीपेक्षा ९ किलो जास्तच आहे. आता काही तपासायला हवं का? वय ३३.

हवंच, आणि या महिन्यातलं हे एकच नवं पत्र जे एका बाईने स्वतःबद्दल लिहिलंय, त्यामुळे मी तुमची आभारी आहे. "आता काळजी नाही" हे वाक्य अर्धवट आहे, पुढचं वाक्य सांगायचं राहून जातं आणि किती बायकांचं राहून जातं याचं मला मनापासून वाईट वाटतं. गरोदरपणातली शुगर ही शरीराने दिलेली आगाऊ सूचना असते. ज्यांना ती होते त्यांना पुढे कायमचा डायबेटिस होण्याचा धोका इतर बायकांच्या कितीतरी पट, निदान सात पट धरतात. बाळंतपणानंतर दीड ते तीन महिन्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी शुगर बघायची असते आणि नंतर एक ते तीन वर्षांत एकदा, आयुष्यभर. तुमची पहिली तपासणी राहिली, आता या आठवड्यात करा. दोन तासांची १४० च्या खाली आली तर उत्तम, १४० ते १९९ म्हणजे प्रीडायबेटिस, २०० किंवा त्याच्या वर म्हणजे डायबेटिस. नुसती एचबीएवनसी करून थांबू नका, कारण आपल्या बायकांमध्ये हिमोग्लोबिन कमी असतं आणि लोह कमी असलं की एचबीएवनसी उगाच वाढलेली दिसू शकते. हिमोग्लोबिन पण बघूनच घ्या.

नऊ किलो ऐकून घाबरू नका. वर मी अमेरिकेचा २००२ चा अभ्यास सांगितला, त्यात गरोदरपणी शुगर झालेल्या बायका पण होत्या आणि त्यांच्यात चालणं-जेवण बदलल्याने धोका साधारण निम्मा झाला. तिथे उद्दिष्ट होतं वजनाच्या ७ टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं. तुमचं वजन ७० असेल तर पाच किलो, ते पण सहा महिन्यांत. मुलीच्या ताटात उरलेलं आईने संपवायचं ही सवय आधी सोडा, मी गंमत करत नाहीये, लहान मुलांच्या आया दिवसभरात उष्ट्यात एक अख्खं जेवण खातात आणि स्वतःचं जेवण मात्र तीन वाजता शिळं, उभ्याने. तुमचं पान सगळ्यांबरोबर वाढून घ्या. चालायचा अर्धा तास मुलीला कोण बघणार हे नवऱ्याबरोबर बसून ठरवा, वार आणि वेळ ठरवून, नाहीतर तो अर्धा तास कधीच निघत नाही. आणि परत दिवस राहण्याचा विचार असेल तर आधी शुगर तपासून मग.

प्रश्न : आई ५५ वर्षांची, तीस वर्षांपासून मिश्री लावते, दिवसाला चार-पाच वेळा. बीपी आहे. तंबाखू खात नाही, फक्त मिश्री. त्याने काही होतं का?

मिश्री म्हणजे भाजून काळी केलेली तंबाखूच आहे, फक्त नाव वेगळं आणि बाईमाणसाने लावली तर चालते म्हणून ती व्यसनात मोजत नाहीत. निकोटिन हिरड्यांतून सरळ रक्तात जातं, प्रत्येक वेळी नाडी आणि बीपी वर चढतं, म्हणजे आई एका हाताने गोळी घेते आणि दुसऱ्या हाताने बीपी वाढवते. तोंडाचा कॅन्सर आहेच. आधी त्यांचं तोंड दातांच्या डॉक्टरांना दाखवा, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्ण न उघडणं, पंधरा दिवसांत न भरलेली जखम असलं काही असेल तर थांबू नका.

सोडताना पहिला आठवडा जड जातो, चिडचिड, डोकं जड, पोट साफ न होणं. पोटासाठी मिश्री लावते असं खूप बायका सांगतात आणि ते त्यांच्यासाठी खरं असतं, सकाळी मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, म्हणून आधी ती सोय करा, रात्री भिजवलेले मनुके, सकाळी कोमट पाणी, जेवणात पालेभाजी. सकाळची पहिली मिश्री सगळ्यात कठीण, ती शेवटी सोडायची, सुरुवात दुपारच्या मिश्रीपासून करायची. हातात बडीशेप-ओवा भाजून ठेवा. १८००-११-२३५६ हा सरकारचा तंबाखू सोडवण्याचा फुकट नंबर आहे, ते नंतर स्वतः फोन करून चौकशी पण करतात. आईला रागावू नका. त्यांच्या आईने किंवा सासूने हातावर पहिली चिमूट ठेवली असणार.

प्रश्न : कारल्याचा रस आणि मेथीचा काढा घेऊन नवऱ्याने शुगरच्या गोळ्या बंद केल्यात. वजन पण उतरतंय म्हणून खुश आहेत. लघवीला रात्री चार वेळा उठतात.

वजन उतरतंय आणि रात्री चार वेळा उठतात हे एकत्र वाचून मला काळजी वाटली. शुगर खूप वाढली की ती लघवीतून जाते, बरोबर पाणी नेते आणि अंगातला स्नायू झिजून वजन उतरतं, ते चांगलं उतरणं नाही. हे वाचताय त्याच दिवशी शुगर तपासा. कारलं खाऊ द्या, भाजी करून खाऊ द्या, गोळीच्या जागी नाही.

गोळ्या सुटू शकतात हे खरं आहे, मी नाकारत नाही. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये २०१७ मध्ये एक अभ्यास आला, त्यात डायबेटिस होऊन सहा वर्षं झाली नव्हती अशा लोकांचं वजन डॉक्टरांच्या देखरेखीखाली बरंच उतरवलं, तर वर्षाने जवळपास निम्म्यांची शुगर गोळ्यांशिवाय नॉर्मल राहिली. पण ते दर काही आठवड्यांनी तपासत तपासत. तुमच्या मिस्टरांना हवं असेल तर हाच रस्ता त्यांच्या डॉक्टरांबरोबर बसून धरता येईल.

प्रश्न : मागच्या वर्षी मी लिहिलं होतं, एचबीएवनसी ६.१ होती. तुम्ही सांगितलेलं सगळं केलं, सासरे पण बरोबर चालतात आता. यंदा ५.६ आली! आता तपासणी बंद केली तर चालेल का?

पत्र वाचून मी क्लिनिकमधल्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. तपासणी बंद नाही करायची, वर्षातून एकदा, दरवर्षी त्याच महिन्यात, म्हणजे विसरायला होत नाही. सासऱ्यांची पण त्याच दिवशी करून घ्या. आणि पुढच्या पत्रात सासूबाईंचं काय ते लिहा, त्या चालायला येतात का, की त्या वेळी त्या सगळ्यांचा चहा-नाश्ता करत असतात?